जिथं पानं करपतात, तिथं सहल

आमच्या घरात कुठं जायचं असलं की आधी वांग्यांना विचारावं लागतं. वांगी, टमाटे आणि हिरवी मिरची यांचा तोडा ज्या दिवशी असेल, त्या दिवशी घरातलं माणूस हलत नाही. लग्नं, बारशी, दातांचा डॉक्टर, सगळं दोन तोड्यांच्या मधल्या दिवसांत बसवायचं. लोकांचा शनिवार-रविवार कॅलेंडरवर असतो, आमचा झाडावर असतो. यंदा जानेवारीच्या शेवटी मात्र नशिबानं गुरुवारी तोडा झाला आणि पुढचा सोमवारी येत होता. मधले तीन दिवस मोकळे होते.

आमचं घर जळगाव जामोदला, शेत गावाबाहेर सातपुड्याच्या अंगाला. घरात पाच जण: सासू-सासरे, मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक. गाडी मी चालवते. नवऱ्याला चालवता येते, पण तो स्टिअरिंगवर बसला की रस्ता सोडून दुसऱ्यांची शेतं बघतो. एकदा कुणाची तरी फुलकोबी बघता बघता त्यानं गाडी नालीत घातली होती. तेव्हापासून किल्ली माझ्याकडं असते.

तर झालं असं, की शेजाऱ्यांचा मुलगा डिसेंबरात बायकोला घेऊन मनालीला जाऊन आला. त्यांचे व्हिडिओ लेकीनं आजीला दाखवले. बर्फात लोळणं, एकमेकांवर गोळे फेकणं, पायाला पट्ट्या बांधून घसरणं. सासूबाईंनी ते व्हिडिओ तीनदा पाहिले. मग मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "मले एकदा जमिनीवरचा बर्फ पाह्याचा हाय. फ्रीजातला नाई. आपल्या मनानं पडलेला."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. मला या घरात येऊन सोळा वर्षं झाली, आणि या बाईनं काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. लुगडं कोणतं आणू विचारलं तर "आना कोनतंबी", भाजी काय करू विचारलं तर "करा काहीबी". सुरुवातीला मला वाटायचं, यांना काही आवडतच नाही. मग नवऱ्यानं सर्कशीची गोष्ट सांगितली. तो लहान असताना खामगावला सर्कस आली होती. सासूबाईंनी म्हटलं होतं, जाऊ का आपण? सासरे म्हणाले होते, पुढच्या साली जाऊ. पुढच्या साली सर्कस आली, त्याच मैदानात आली, पण सासूबाईंनी विषय काढला नाही. नंतरही कधी काढला नाही. त्यांचं मागणं एकदाच असतं आणि हुकलं की ते त्यांच्या तोंडून परत निघत नाही.

सासरे तिथंच चहा पीत होते. त्यांनाही बहुतेक सर्कस आठवली असावी, कारण कप खाली ठेवून ते लगेच म्हणाले, "जाऊ. याच साली जाऊ."

म्हणणं सोपं होतं. संक्रांत होऊन गेलेली, दुपारी पंखा लावावासा वाटू लागलेला. थंडीचे मोजके दिवस उरले होते. लेकीनं मनाली, गुलमर्ग असं सगळं फोनवर काढून ठेवलं, आणि नवऱ्यानं जायला किती दिवस, यायला किती दिवस असं बोटांवर धरून दोन तोडे बुडतात हे सांगितलं. मनाली तिथंच संपली. गाडीनं एका दिवसात पोचता येईल अशी जागा हवी. लोणार बघून झालेलं, आणि तिथं बर्फ पडला तर पेपरात येईल. अंबाबरवा अभयारण्य जवळ, पण झाडी दाट, गारठा बेताचा. तोरणमाळ, पचमढी आणि चिखलदरा अशी तीन नावं शेवटी उरली. आपल्याकडं खरा बर्फ पडत नाहीच. पण कडाक्याच्या थंडीत डोंगरावर पहाटे दव गोठतं, गवत पांढरंफेक होतं, एवढं आम्हाला माहीत होतं.

लेक फोनवरून तिन्ही गावांचं तापमान वाचून दाखवत होती. सासऱ्यांनी हात झटकला. "फोन गावाचं सांगते, वाफ्याचं नाई सांगत," म्हणाले, आणि आपली ओळखीपाळखीच्या नंबरांची जुनी वही घेऊन बसले. त्यानंतर दोन संध्याकाळी त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. लोक हॉटेलांचे स्टार बघतात. माझे सासरे एकेका गावच्या माळव्यावाल्याला, म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्याला, फोन लावून विचारत होते, "रामराम! काय म्हनता? तुमच्या इकडं थंडीनं टमाट्याचं पान काळं पडलं का?"

समोरच्याला वाटायचं, म्हातारा आपुलकीनं विचारतोय. तो देवाच्या दयेनं काही नुकसान नाही असं सांगायचा, आणि सासरे उदास होऊन फोन ठेवायचे. तोरणमाळ असंच बाद झालं, तिथलं पीक जोमात होतं. पचमढीला ओळखीचं कुणीच निघालं नाही. मग परतवाड्याच्या भाजीबाजारातल्या एका व्यापाऱ्यानं चिखलदऱ्याच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याचा नंबर दिला. तो बिचारा पोटतिडकीनं सांगू लागला, "काय सांगू काका, दोन दिस झाले, बादलीतल्या पान्यावर बर्फाचा पापुद्रा धरून राह्यला. बटाट्याचा पाला तं उकडल्यावानी झाला."

"वा! वा!" सासरे म्हणाले.

मी फोन हिसकून घेतला, माफी मागितली आणि खरी गोष्ट सांगितली. तो माणूस मोठ्यानं हसला. म्हणाला, शेताला लागून माझ्या दोन खोल्या आहेत, पाहुण्यांना देतो, या.

आता खरी माझी आणि सासऱ्यांची जुंपली. मी कड्यावरचं एक हॉटेल बघून ठेवलं होतं. बाल्कनी, गरम पाण्याचा गिझर, खिडकीतून दरी. सोळा वर्षांत एकदा सहलीला निघायचं आणि तिथंही वाफ्याशेजारी झोपायचं? सासरे शांतपणे म्हणाले, "पोरी, थंडी पान्यासारखी असते. उतारानं खाली येते अन् खोलगट जाग्यात बसून राह्यते. कड्यावर वारा. वारा असला का दव गोठत नाई. तुले दरी पाह्याची हाय का तुह्या सासूले बर्फ दाखवाचा हाय?" मी गिझरचं नाव सोडलं आणि दोन दिवस तोंड फुगवून हिंडले.

शुक्रवारी दुपारी निघालो. डिकी उघडली तर आत गोवऱ्यांचं पोतं. सासूबाईंना तिथं रोडगे करायचे होते. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी, हे झाल्याशिवाय आमच्याकडं बाहेर जाणं पुरं होत नाही. माझ्या नव्या सीट कव्हरांचा जीव गेला तरी चालेल. मी म्हटलं, "आई, गोवऱ्या तिथं भेटतील." त्या म्हणाल्या, "भेटतीन, पन कशाच्या भेटतीन कोन जाने." पोतं गेलं आमच्याबरोबर.

संग्रामपूर, अकोट, परतवाडा. नवरा शेजारी बसून प्रत्येक शेताला मार्क देत होता. घाट लागल्यावर सासूबाईंनी मागची काच खाली केली आणि हात बाहेर धरला. प्रत्येक वळणाला त्या विचारायच्या, "आला का?"

"कोन, आई?"

"बर्फ."

लेक हसून लोटपोट झाली. सासूबाईही हसल्या, पण हात आत घेतला नाही. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. कान टवकारून, पदर दातात धरून ही बाई एखाद्या पाहुण्याची वाट बघत असावी तशी रस्त्याकडं बघत होती, आणि मला एकदम फार भीती वाटली. नाहीच पडला तर? त्या काही म्हणणार नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पोचलो. स्ट्रॉबेरीवाला पन्नाशीचा, बोलका माणूस होता. दोन खोल्या, पुढं थोडं हिरवं गवत, त्याला लागून स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि पलीकडं जमीन खाली उतरत गेलेली. आभाळ निरभ्र, पान हलत नव्हतं. सासऱ्यांनी अंगणात उभं राहून नाक वर केलं, पायानं माती चाचपली आणि जाहीर केलं, "सकाळी पडते." जेवणं लवकर उरकली. सासूबाईंनी स्वेटर, शाल, मोजे उशाशी रचून ठेवले आणि मला बजावलं, "मले उठवजो. उजाडल्यावर उठवजो, अंधारात नको. मले दिसलं पाह्यजे."

उजाडता उजाडता मला धुराच्या वासानं जाग आली. मला वाटलं, सासूबाईंनी एवढ्या सकाळी रोडगे लावले की काय. पण त्या शेजारी झोपलेल्या होत्या. शाल गुंडाळून मी दार उघडलं.

वाफ्यांच्या कडेनं ओळीनं सहा ढीग धुमसत होते. पाचोळा आणि आमच्या गोवऱ्या. धूर जमिनीलगत पसरून सगळ्या स्ट्रॉबेरीवर पांघरुणासारखा बसला होता. आणि त्या धुरात डोक्याला मफलर बांधून माझे सासरे उभे होते, हातात विहिरीच्या पाण्याची नळी, पाठीशी अर्धं रिकामं पोतं. वाफे भिजवून झाले होते. पुढचं गवतही भिजवून झालं होतं. सगळीकडून पाणी टपटपत होतं.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"पाच वाजता बाहेर आलो तं सारं पांढरं होऊन राह्यलं होतं!" ते धापा टाकत, पण खुशीत म्हणाले. "पानं जाऊन राह्यली होती, बाई. त्या मानसाले हाक मारू म्हनलं, पन तेवढ्यात तं खेळ खलास झाला असता. मंग म्या धूर केला. पानी बी मारलं. वाचलं सारं."

थंडीच्या पहाटे असाच धूर करून, असंच पाणी सोडून त्यांनी पंचेचाळीस वर्षं आपलं माळवं वाचवलं. पांढरं दिसलं की त्यांचे हात आपोआप चालतात, आणि तेच चालले होते. हे पांढरं बघायला आपण दीडशे किलोमीटर आलो, हे त्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आनि बर्फ?" मी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटायला थोडा वेळ लागला. मग नळी हातातून खाली पडली आणि त्यांच्याच पायांवर पाणी वाहू लागलं. मला राग आला होता, कडकडून आला होता, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. जागा शोधली यांनी, थंडी बरोबर ओळखली यांनी, आणि विझवलीही यांनीच.

धुरानं घाबरून स्ट्रॉबेरीवाला धावत आला, आग लागली म्हणून. काय झालं ते कळल्यावर त्यानं वाकून पानं हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. रात्री नळ्या सोडायच्या राहून गेल्या होत्या, म्हणाला. तो इतका खूश, की सासऱ्यांना काय करावं कळेना. त्याचं शेत वाचलं होतं आणि आमचा बर्फ गेला होता.

एवढ्यात दार वाजलं. सासूबाई सगळा सरंजाम अंगावर चढवून बाहेर आल्या. त्यांनी धूर बघितला, ओलं गवत बघितलं, नळी बघितली आणि सासऱ्यांकडं बघितलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्याही पंचेचाळीस वर्षं त्याच शेतात होत्या.

मला वाटलं, आता तरी भांडतील. मी असते तर सगळा चिखलदरा उठवला असता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "झाडं वाचली नं? मंग झालं. पुढच्या साली पाहू." आणि रोडग्यांची कणीक मळायला आत वळल्या.

पुढच्या साली. नवरा खोलीच्या दारात ब्रश तोंडात धरून उभा होता, तो तसाच राहिला. आत त्या परातीचा आवाज करत होत्या, आणि मला स्वच्छ कळत होतं, की बर्फ हा शब्द आता या बाईच्या तोंडून परत येणार नाही. टीव्हीवर दिसला तरी नाही.

सासरे हलले. मी त्यांना इतक्या चपळाईनं हललेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्ट्रॉबेरीवाल्याला विचारलं, "खाली नाला हाय का?"

"हाय नं. उतरनीच्या बुडाशी."

"तिथी ऊन कधी पोचते?"

"आठ वाजतेत."

त्यांनी आभाळाकडं बघितलं. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन आलेलं होतं आणि ते हळूहळू खाली सरकत होतं. ते आत गेले आणि पिठानं भरलेला सासूबाईंचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आले.

"अवो, काय करता? कनिक राह्यली."

"राहू दे. चाल."

"लोक पाह्यतेत."

"पाहू दे त्याइले."

आमच्याकडं या पिढीतली माणसं चारचौघांत बायकोचा हात धरत नाहीत. एकत्र चालतही नाहीत, नवरा दहा पावलं पुढं असतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या त्या एकेक करून उतरतात. आणि इथं तर पायऱ्याही नव्हत्या, नुसती दगडांची उतरण. सासरे एक पाऊल खाली उतरायचे, मागं वळायचे, दोन्ही हात पुढं करायचे, त्या उतरायच्या. मग पुढचं पाऊल. मी आणि लेक मागून, नवरा तोंडाला पेस्ट लागलेला आमच्या मागून. समोर डोंगरावरचं ऊन अर्ध्यात आलं होतं.

"आजी, लवकर!" लेक ओरडली.

"लवकर म्हनते! ये, गुडघे बदलून घे माह्याशी," आजी म्हणाली, आणि हसली. ते हसू ऐकून माझ्या जिवात जीव आला.

नाल्याजवळ झाडी संपली आणि आम्ही सगळे थांबलो. खाली सगळं पांढरं होतं. गवताचं पातं न् पातं, पडलेलं लाकूड, दगडांच्या कडा, वाळलेलं शेणसुद्धा. धूर तिथवर गेला नव्हता आणि ऊन अजून यायचं होतं. मला रडू आलं. मला रडू आलं की मी कुणावर तरी खेकसते, तशी नवऱ्यावर खेकसले, की फोटो काय काढताय, डोळ्यांनी बघा.

सासूबाईंनी चपला काढल्या. मोजे काढले. "आई, पाय गारठतील," मी म्हटलं, पण त्या गेल्याही. गवत पायाखाली कुरकुरलं. त्या थांबल्या, मग मुद्दाम परत पाय टाकला, परत तो आवाज ऐकला. वाकून त्यांनी मूठभर पाती उपटली, जिभेला लावली, आणि लहान मुलीसारख्या खदखदून हसत सुटल्या. मी सोळा वर्षांत त्यांचे सगळे दात एका वेळी बघितले नव्हते.

सासरे मात्र काठावरच उभे होते. त्यांचा पाय पुढं पडत नव्हता.

"या नं," सासूबाई म्हणाल्या.

"तू पाह्य. म्या लय पाह्यलं हे," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "जवा जवा पाह्यलं तवा वाफ्याकडंच धावलो. आपलं काय गेलं, काय राह्यलं, एवढंच पाह्यलं. हे असं दिसते, हे काई मले मालूम नव्हतं."

सासूबाई कुरकुर आवाज करत परत काठापर्यंत आल्या, वाकल्या, आणि गुडघ्यांची पर्वा न करता त्यांनी स्वतःच्या हातानं सासऱ्यांच्या चपला सोडवल्या. "इथी आपलं कायबी पेरलेलं नाई," त्या म्हणाल्या. "या."

ते उतरले. पहिलं पाऊल त्यांनी भीत भीत टाकलं, दुसरं जरा बरं, आणि मग ती दोघं हातात हात धरून त्या पांढऱ्या गवतावरून पार पलीकडं गेली. ऊन खाली यायला अजून थोडा वेळ होता. आम्ही तिघं काठावरच थांबलो आणि त्यांना फिरू दिलं.